गॅस संपल्याचा दुखवटा

म्हैसुरात जन्म काढून कॉफी न पिणारी एकच बाई माझ्या माहितीत आहे, आणि ती माझी आई आहे.

यात प्रकृतीचा काही संबंध नाही. तिला पित्त होत नाही, झोप उडत नाही. आई मॉर्मन आहे. ख्रिस्ताचं नाव घेणारा हा एक पंथ. त्यात दारू वर्ज्य, तंबाखू वर्ज्य, चहा वर्ज्य आणि कॉफीसुद्धा वर्ज्य. दारू-तंबाखूपर्यंत आमच्या गल्लीतली माणसं माना डोलवत ऐकतात. कॉफीचं नाव निघालं की 'अय्यो पाप', म्हणजे 'अरेरे, बिचारी', म्हणून आईकडे अशा नजरेनं बघतात, जणू तिची जमीन कोणी लुबाडली आहे.

आम्ही मूळचे शिंपी. पणजोबांच्याही आधीपासून म्हैसुरात. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गोकुलम भागात टेलरिंगचं दुकान होतं. अण्णा पक्के विठोबाचे. मशीनवर पाय चालू असला की तोंडात अभंग चालू. अशा घरात हा पंथ शिरला तो पँटच्या भोकातून. पांढरे शर्ट आणि टाय घातलेले दोन परदेशी तरुण म्हैसूरभर सायकली हाणत फिरायचे आणि त्यांच्या पँटी बसायच्या जागी विरायच्या. ते अण्णांकडे ठिगळ लावायला यायचे. अण्णा म्हणायचे, "योगासनं शिकायला येणारे गोरे ढगळ शिवून घेतात, हे गोरे तंग शिवून घेतात. यांना एकदा समोरासमोर बसवायला पाहिजे."

दुकानाच्या मागेच आमचं तेव्हाचं घर. आईनं बघितलं, पोरं आईबापांपासून लांब आलेली, गाल बसलेले. तिनं त्यांना जेवायला वाढलं. आई कोणालाही वाढते, त्यात विशेष काही नाही. विशेष पुढे घडलं. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. आमचे सगळे नातेवाईक बघायला आले. खाटेभोवती बसले, आपापल्या ऑपरेशनांच्या हकिकती सांगितल्या, माझ्या धाकट्या बहिणीनं, सुनंदानं, केलेली कॉफी प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्या टायवाल्या पोरांच्या रविवारच्या सभेतल्या दोन बायका आल्या. ओळख ना देख. येताना भात आणि सारू, म्हणजे आपलं सार, घेऊन आल्या होत्या. भांडी घासली, सुनंदाची वेणी घातली, आईची चादर बदलली, निघाल्या. सुनंदानं कॉफीचं विचारलं तर हसून नको म्हणाल्या.

"आल्या, केलं, गेल्या," आई छताकडे बघत म्हणाली. "कॉफीपण नको म्हणाल्या." मला वाटतं, तिचं त्याच दिवशी ठरलं.

अण्णांनी फार खळखळ केली नाही. "तू तुझ्या देवाकडे जा, मी माझ्या विठोबाकडे जातो," ते म्हणाले. "जेवायला दोघं एका वेळी घरी आलो की आयतु." आयतु म्हणजे झालं, संपलं. आमच्या घरातले सगळे मोठे वाद या एका कन्नड शब्दावर मिटलेले आहेत.

तेव्हापासून आईनं जो कामाचा सपाटा लावला तो आजतागायत चालू आहे. कोणी आजारी पडलं, कोणी बाळंत झालं, गावाच्या टोकाला हूटगळ्ळीत कोणी नव्या घरात राहायला आलं, की आई डबा घेऊन हजर. माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा, हे ती विचारायची नाही. तिखट चालतं का एवढंच विचारायची. त्यामुळे आमच्या घरातले सगळे डबे कायम दुसऱ्यांच्या घरी असायचे. मी कारखान्यात कितीतरी वर्षं लोणच्याच्या बरणीतून चित्रान्न नेलेलं आहे. सोमवारी संध्याकाळी सगळ्या कुटुंबानं एकत्र बसायचं, प्रार्थना म्हणायची आणि मग काहीतरी खेळायचं, हाही त्यांच्यातला रिवाज. अण्णा सापशिडी खेळताना दर वेळी फाशाला विठोबाची शपथ घालायचे. आई हसायची आणि स्वतःची सोंगटी पुढे सरकवायची.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा सुनंदाच्या लग्नाचा होता.

सुनंदा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथेच तिची आणि श्रीधरची ओळख झाली. मुलगा एच. डी. कोट्याचा, आपल्यातलाच, घरचं कापडाचं दुकान, स्वभावानं गरीब. दोघांचं मनातून पक्कं झालेलं होतं. पण श्रीधरच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या थोरल्या काकांचा, बाबूरावांचा. म्हणून सगळं रीतीप्रमाणे ठरलंय असं दिसायला हवं होतं. मी पत्रिका घेऊन कोट्याला गेलो, बाबूरावकाकांना भेटलो. काका म्हणजे गळ्यात माळ, एकादशी चुकली तर चार दिवस स्वतःशी न बोलणारा माणूस. आणि त्याआधी दोन ठिकाणची बोलणी 'मुलीची आई वेगळ्याच पंथाची आहे म्हणे' एवढ्यावर मोडली होती. दुसऱ्या वेळी सुनंदानं नुसतं एवढंच विचारलं होतं, "दादा, मी काय केलंय?" 

म्हणून या वेळी सगळी सूत्रं मी हातात घेतली. मी कारखान्यात सुपरवायझर. दुसऱ्यांनी केलेल्या कामाकडे उभं राहून बघायची मला सवय. तीच मी घरी वापरली.

"आपलं घर चारचौघांसारखं दिसलं पाहिजे," मी जाहीर केलं. "हॉल लहान आहे, तेव्हा बाहेर शामियाना घालायचा, खुर्च्या मांडायच्या. अण्णा, तुम्ही टाळ घेऊन अभंग म्हणत बसायचं. पाहुणे आत आले रे आले की कानावर विठ्ठल पडला पाहिजे. आणि मी खूण करेपर्यंत थांबायचं नाही."

"सुम्ने गात बसू?" अण्णा म्हणाले. उगाच, काही कारण नसताना, असा त्याचा अर्थ. "माणसं बोलायला लागली तरी?"

"खूण करेपर्यंत. आणि आई, त्या दिवशी तुझ्या सभेतलं कोणी इकडे फिरकायचं नाही. आणि पाहुण्यांबरोबर कॉफीचा लोटा निदान हातात धर."

"धरीन," आई म्हणाली. "पिणार नाही. कोणी विचारलं तर का पीत नाही ते सांगीन."

"विचारलं नाही तर?"

"तर काय मुद्दाम दवंडी पिटू?"

एवढ्यावर मी खूष होतो. तेवढ्यात कोट्याहून निरोप आला की रविवारी येतो. आईनं कॅलेंडरकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "महिन्याचा पहिला रविवार आहे. माझा उपास."

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा या उपासावर उभा आहे. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, रताळं, शेंगदाणे, केळी, वर ताक. उपासाच्या दिवशी आपण एरवीपेक्षा जास्त जेवतो आणि संध्याकाळी दमतो. आईच्या उपासाला असलं काही नाही. दोन वेळा पोटात अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि त्या दोन जेवणांचं जे वाचेल ते ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला द्यायचं.

"पुढे ढकल की एक आठवडा," मी म्हणालो.

"उपास काय विजेचं बिल आहे, पुढे ढकलायला?"

रविवार उजाडला. शामियानावाल्याकडचे रंगीत कापडाचे शामियाने लग्नसराईत गेले होते. त्यानं साधा पांढरा आणून ठोकला. मला तो उलट जास्त सात्त्विक वाटला. खुर्च्या मांडल्या मांडल्या गल्लीतली चार-पाच म्हातारी माणसं येऊन बसली. (आमच्याकडे रस्त्यात रिकामी खुर्ची दिसली की माणूस कारण न विचारता बसतो.) अण्णांनी धुतलेलं पांढरं धोतर नेसून टाळ जवळ घेतले. आईनं उपाशीपोटी उप्पिटाचा रवा भाजायला घेतला, आणि शेगडी एकदा फुरफुरली, पिवळी झाली आणि विझली.

"दुसरा सिलिंडर लाव," आई म्हणाली.

दुसरा सिलिंडर घरात नव्हता. तो मी कारखान्यातल्या बसवराजला दिला होता. आमच्या क्रिकेटच्या मॅचला बिसीबेळे भात करायचा होता, आणि सुपरवायझर म्हणून सढळ हातानं कोणाचं तरी काहीतरी देणं मला भागच होतं.  आईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. सुनंदा मात्र मधोमध उभी राहून रडायला लागली.

"हा गेलो आणि हा आलो," मी म्हणालो. "सिलिंडर घेतो, तसाच बस स्टँडवर जातो, पाहुणे आणि गॅस एकदमच आणतो."

मी गल्लीच्या टोकाला पोचण्याआधी आईनं फोन उचलला होता. तिच्या सभेतल्या बायकांच्या प्रमुख ग्रेसम्मा. त्यांना ती कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, की गॅस संपलाय, सुनंदाला बघायला पाहुणे येताहेत, आणि मुलगा नेहमीसारखा घाईत बाहेर गेलाय. त्या पंथात एका बाईला फोन केला की सगळ्या येतात. फक्त, येताना गडबड करू नका, हळू बोला, पाहुणे जुन्या वळणाचे आहेत, असं आईनं बजावून सांगितलं.

इकडे बसवराजच्या घराला कुलूप. तो लग्नाला गावाला गेलेला. किल्ली सासूबाईंकडे, आणि सासूबाई हूटगळ्ळीच्या पार पलीकडे, नव्या घरांच्या गर्दीत. शोधत शोधत पोचलो. त्यांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "ऊटा आयता?" जेवलास का? मी नाही म्हणून बसलो. म्हैसुरात या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की किल्ली बिल्ली सगळं मागे पडतं. डोसा आला. मी 'साकु, साकु', म्हणजे पुरे पुरे, म्हणत होतो आणि तव्यावर दुसरा पडत होता. मग कॉफी आली. मला घाई होती, पण चटणी उत्तम होती.

यापुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण सुनंदानं ते इतक्या वेळा करून दाखवलंय, प्रत्येकाचा आवाज काढून, की मी तिथे नव्हतो हे माझं मलाच खरं वाटत नाही.

पाहुणे तिघं होते. बाबूरावकाका, श्रीधर आणि श्रीधरची आई. बस स्टँडवर माझी वाट बघून बघून शेवटी त्यांनी रिक्षा केली. रिक्षा गल्लीत वळली आणि तिघांना समोर दिसला पांढरा शामियाना. खाली खुर्च्यांवर गंभीर म्हातारी माणसं. फाटकाशी पांढरे शर्ट घातलेले दोन परदेशी तरुण, हात पुढे बांधून, माना किंचित खाली. (तेही आईच्या सभेतूनच आले होते. आईनं त्यांना नीट उभं राहायला सांगितलं होतं. ते त्यांचं नीट.) आणि शेजारच्या रस्त्यानं फिकट साड्या नेसलेल्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं, एकमेकींशी कुजबुजत घरात शिरतेय. त्या सभेतून थेट आल्या होत्या. पहिला रविवार त्यांचाही. सगळ्या उपाशी, सगळ्यांचे ओठ सुकलेले, चेहरे ओढलेले.

आतून टाळांचा आवाज येत होता.

रिक्षावाल्यानं जास्तीचे पैसे मागितले नाहीत. त्यावरून देखावा किती पक्का होता हे समजावं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. श्रीधरच्या आईनं पिशवीतला नारळ आणि गजरा खाली दडपला आणि वर टॉवेल टाकला.

आपल्याकडे शेजारपाजारचे लोक शिजवलेलं अन्न घेऊन घरात शिरतात ते एकाच दिवशी. त्या घरात चूल पेटायची नसते म्हणून. आमची चूल खरोखरच पेटत नव्हती. आता गेलं कोण, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो विचारायची रीत नसते. त्यांनी आपलं आपण पाहिलं. वडील समोर बसून अभंग म्हणताहेत. आई उभी आहे. मुलगी पडद्याआड हुंदके देतेय. आणि जो बस स्टँडवर घ्यायला येणार होता, तो आला नाही.

अण्णांनी पाहुणे बघितले. पण मी खूण करायला नव्हतो. म्हणून त्यांनी नुसती मान हलवली, डोळे मिटले आणि आवाज आणखी वर नेला. "बघा, बापाचं काळीज," काका श्रीधरच्या कानात म्हणाले.

आई तबकात पाणी घेऊन आली. काकांनी हात जोडले. "नको वहिनी. पाणी नको. तुम्ही आधी बसा."

"प्रवास करून आलात. घोटभर तरी घ्या."

"आज नको. समजून घ्या."

सुतकाच्या घरी पाणी घेत नाहीत, म्हणून काका नको म्हणत होते. आईला ते कसं कळावं? तिच्या डोक्यात सुतक नव्हतं, पंथ होता. आधीच्या दोन घरांनी जे बाहेरूनच कळवलं, ते हे समोर बसून सांगताहेत, असं तिला वाटलं. तबक हातात तसंच धरून ती उभी राहिली. श्रीधरच्या आईनं ते काढून घेतलं, तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि विचारलं, "तुम्ही पोटात काही घेतलंत का?"

"नाही," आई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवयच नाही. "आज काही नाही. पाणीसुद्धा नाही."

श्रीधरच्या आईनं पदर तोंडाला लावला. तिला रडताना बघून ग्रेसम्मांचेही डोळे भरले. त्यांना कशाचंही कारण ठाऊक नव्हतं, पण समोर बाई रडते म्हटल्यावर त्यांना राहवत नाही.

मग काकांनी घसा साफ केला आणि माझ्याबद्दल बोलले. "तुमचा रघुनाथ," ते म्हणाले. "पत्रिका घेऊन कोट्याला आला होता. तेव्हाच मी घरी म्हटलं, मुलगा असावा तर असा. काय बोलणं, काय नम्रपणा. बहिणीसाठी जीव टाकणारा. असा मुलगा म्हणजे घराचा खांब."

आईनं चमकून वर बघितलं. हे तिला नवीन होतं. पण घरातलं पाणी न घेणारा माणूस निदान मुलाचं कौतुक करून वाईटपणा झाकतोय, असं तिला वाटलं. शेवटी तिनंच धीर केला. "तुम्हाला कळलंच असेल..."

"गल्लीत शिरतानाच कळलं, वहिनी," काका म्हणाले. "तुम्ही काही बोलू नका. देवाची मर्जी."

एवढं बोलून तिघं उठले. श्रीधरनं एकदा पडद्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. जाताना कोणी 'येतो' म्हणालं नाही. सुतकाच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत, ही साधी रीत. पण मुलगी बघायला येऊन 'येतो' न म्हणता जाणं म्हणजे काय, हे पडद्यामागच्या सुनंदाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आई, पाण्याला हात लावला नाही गं त्यांनी," ती बाहेर येऊन म्हणाली.

"नाही लावला तर नाही," आई म्हणाली. "माझ्या देवाचं नाव लपवून मी तुला कोणाच्या घरात ढकलणार नाही." मग तिनं भरल्या लोट्यांकडे बघितलं. "पण एक घोट घ्यायला काय हरकत होती? मी काय विष घालणार होते?" असं म्हणून ती खालीच बसली. सुनंदा सांगते, आईला असं बसलेलं तिनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही.

अण्णा अजून गात होते.

नेमका त्याच वेळी मी गल्लीच्या तोंडाशी पोचत होतो. लगेज ऑटोच्या मागच्या उघड्या भागात, सिलिंडरला दोन्ही हातांनी कवटाळून. हूटगळ्ळीच्या नव्या बांधकामांचं सगळं सिमेंट माझ्या तोंडावर आणि केसांवर बसलं होतं. समोरून तिघं येताना दिसले. मला वाटलं, आत्ताच येताहेत. मी ऑटो थांबवला, उडी मारली आणि तोंड भरून हसलो.

"या, या," मी म्हणालो. "उशीर झाला थोडा. चला, मी तुम्हालाच न्यायला आलोय."

काकांनी दोन पावलं मागे टाकली. "कुठे?" त्यांनी विचारलं.

"आपल्या घरी. सगळे वाट बघताहेत."

श्रीधरच्या आईनं 'विठ्ठला पांडुरंगा' म्हणून डोळे गच्च मिटले. काका भिंतीला टेकले. श्रीधर तेवढा पुढे आला, माझ्या दंडाला बोट लावलं, मग चिमटा काढला. मी ओरडलो. तो वळून म्हणाला, "काका, गरम आहे."

"काय गरम आहे?" मी विचारलं. "सिलिंडर?"

पुढची पाच मिनिटं गल्लीत कोण काय बोललं ते मी सांगू शकत नाही, कारण सगळेच एकदम बोलत होते आणि मला फक्त एवढं उमगलं की मी सकाळी वारलो होतो आणि मला पोचवूनही झालं होतं. मी त्यांना परत घरी नेलं. आई दारातच बसली होती. काकांनी तिच्यासमोर उभं राहून, हात जोडून, आपल्याला काय वाटलं ते सगळं सांगितलं. आधी कोणी हसलं नाही. मग ग्रेसम्मांना कोणी तरी कन्नडमध्ये समजावलं, आणि त्यांच्या पोटातून जे हसू आलं त्यात शामियान्याचा एक बांबू हलला. अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं खूण केली. "आयतु?" म्हणून त्यांनी टाळ खाली ठेवले.

"पण मग हे डबे?" काकांनी विचारलं. "इतक्या बायका?"

"गॅस संपला होता," आई म्हणाली.

"गॅस?"

"हो. म्हणून आल्या."

काका रांगेत मांडलेल्या भांड्यांकडे बघत राहिले. "आणि तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही, ते?"

मी मध्ये पडलो. "ते जरा पित्ताचं..."

"उपास आहे माझा," आई म्हणाली. "आज एकादशी नाही, मला माहीत आहे. मी मॉर्मन आहे. या सगळ्याही. आज आम्ही काही घेत नाही आणि वाचेल ते उपाशी घरात देतो. हे ऐकून तुम्हाला आमचं पाणी नको असेल तर आताच स्पष्ट सांगा. मुलीला झुलवत ठेवू नका."

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा कान टवकारले. सुनंदा पडदा मुठीत धरून उभी होती.

"श्रीधरनं मला हे महिन्यापूर्वीच सांगितलंय," काका म्हणाले. "तेच बघायला आलो होतो मी, कसलं घर आहे ते." ते खुर्चीत बसले. "वहिनी, माणूस गेल्यावर डबे घेऊन येणारे लोक मी जन्मभर बघितले. गॅस संपला म्हणून, तेही स्वतः उपाशी राहून, डबे घेऊन येणारे आज बघितले. आणि एकादशीला माझा किती साबुदाणा होतो ते आमच्या भावजयीलाच विचारा." श्रीधरच्या आईनं मनापासून मान हलवली. "पाणी आणा. दोन लोटे आणा."

आईनं तबक उचललं, पण ते तिच्या हातून घेऊन सुनंदानंच पुढे नेलं. काका पाणी प्यायले आणि त्यांनी पिशवीतला गजरा मागितला. तो पार चुरगळला होता. सुनंदानं तो तसाच माळला.

मग मी सिलिंडर लावला आणि कॉफी झाली. माझ्या सूचनेप्रमाणे आईनं लोटा हातात धरला. काकांनी स्वतःचा संपवला आणि तिच्याकडे बघितलं. "तुम्ही घेत नाही?"

"नाही."

"मग द्या तो इकडे," म्हणून त्यांनी तोही संपवला. संध्याकाळी आईचा आणि बायकांचा उपास सुटला तेव्हा पाहुणे त्यांच्याच पंगतीला बसले. आईच्या ऑपरेशननंतर त्या दिवशी पहिल्यांदाच डबे लोकांकडून आमच्याकडे आले होते, आणि आई ते परत करताना एकही रिकामा पाठवायला तयार नव्हती, त्यामुळे ते पुढे महिनाभर इकडून तिकडे फिरत राहिले.

सुनंदाचं लग्न झालं, ती कोट्याला सुखात आहे. आई तिच्याकडे गेली की काका मुद्दाम तिच्या शेजारी कॉफीला बसतात आणि तिच्या वाटणीची हक्कानं पितात. मी मात्र त्या दिवसानंतर त्यांच्याकडून काही ऐकायला मिळेल म्हणून पुष्कळ खटपट केली. सणावारी गेलो, त्यांच्या दुकानात उभा राहून देखरेख केली, नम्रपणे बोललो. एकदा तर सरळच विचारलं, की काका, तुम्ही मला घराचा खांब म्हणाला होतात ना? काकांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तेव्हा प्रसंग तसा होता." म्हणजे माझ्याबद्दल आयुष्यात एकदाच कोणीतरी चार चांगले शब्द बोललं, आणि नेमका तेव्हा मी बसवराजच्या सासूबाईंकडे डोसे खात होतो.